खेळणारा आणि खेळविणारा

परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाला बातमीतला एखादा गौण तपशील मुख्य बातमीहून अधिक झोंबतो. २०२० च्या जुलै महिन्यात पंजाबातील वृत्तपत्रांत आलेली एक बातमी अशीच होती. चंदीगडपासून थोड्याच अंतरावर खरड हे गाव आहे. तेथील १७ वर्षांच्या एका मुलाने मोबाइलवरील 'पब्जी' नावाच्या युद्धखेळात आईवडिलांच्या खात्यांतील सुमारे १६ लाख रुपये उडविले, ही मुख्य बातमी. वडील सरकारी नोकर होते, त्यांची नेमणूक दुसऱ्या गावी होती आणि मुलगा आईजवळ राहत होता, हा तो गौण तपशील. टाळेबंदीचे दिवस होते. शाळा मोबाइलवरच भरत होती. अभ्यासाच्या निमित्ताने आईचा फोन मुलाच्या हाती आला, त्याच फोनवर बँकेचे व्यवहार होत होते, आणि बँकेकडून येणारे संदेश मुलगा पुसून टाकीत असे. ही पुंजी वडिलांनी औषधोपचारासाठी राखून ठेवलेली होती. सारे उघडकीस आल्यावर त्यांनी मुलाला एका स्कूटर-दुरुस्तीच्या दुकानात कामाला लावले. रुपया कसा मिळतो हे त्याला कळावे, एवढाच त्यामागे हेतू होता.

अशा प्रसंगी आपण बहुधा तिघांना दोष देतो. मुलगा बिघडलेला, आई भोळी आणि बाप दूर. या तिन्ही दोषांत तथ्य नाही असे नाही. परंतु या हिशेबात एक चौथा पक्ष आहे, आणि त्याचे नाव कोणी घेत नाही. १६ लाख रुपये हवेत विरले नाहीत. ते कोणाच्या तरी हाती पडले. ज्याच्या हाती पडले त्याने चोरी केली नाही, बळजबरी केली नाही, खोटे नाणे दिले नाही. मुलाने मागितले ते त्याने दिले. मग त्याच्याकडे काही दोष जातो काय? आणि जात असेल, तर त्याला आवरण्याचा अधिकार राज्यसंस्थेला पोहोचतो काय? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम हा व्यापार चालतो कसा ते पाहिले पाहिजे. कारण आपल्यापैकी पुष्कळांनी हे खेळ मुलांच्या हाती पाहिले असले तरी स्वतः खेळलेले नाहीत. यांतील बहुतेक खेळ फुकट मिळतात. आत गेल्यावर पात्राचा पोशाख, बंदुकीवरची नक्षी, पुढच्या स्पर्धेचा परवाना अशा वस्तू विक्रीस मांडलेल्या असतात. त्यांची किंमत रुपयांत नसते. रुपये देऊन आधी खेळातली नाणी विकत घ्यावी लागतात आणि मग त्या नाण्यांनी वस्तू घ्यावी लागते. नाणी ज्या संख्येच्या गठ्ठ्याने मिळतात त्या संख्येत वस्तूची किंमत सहसा नेमकी बसत नाही. काही नाणी उरतात, आणि उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक गठ्ठा घेतला जातो. कित्येक वस्तू तर सरळ विकतच नाहीत. बंद पेटी विकतात. तीत हवी ती वस्तू निघेल की नको ती, हे दैवाधीन. शिवाय ही संधी अमुक तासांपुरतीच आहे, असा घड्याळाचा काटा समोर फिरत असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे कबुतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. कळीवर चोच मारली की दर वेळी दाणा, अशी सवय लागलेले कबूतर दाणा बंद होताच लवकर कंटाळते. परंतु ज्याला दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे कबूतर दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ कळीवर चोच मारीत राहते. बंद पेटीचे मर्म हेच आहे. अनिश्चिततेची ही भूक मनुष्यमात्रात आहे. तिचा लोभाशी संबंध असतोच असे नाही. खरडच्या मुलाला पैसा मिळवायचा नव्हता. तो आपल्या सवंगड्यांसाठीही वस्तू घेत होता. मित्रांत मान मिळावा, मागे पडू नये, ही १७ व्या वर्षाची साधी हौस होती.

आता आपल्या गावाकडच्या पेठेतला एखादा किराणा दुकानदार आठवा. शेजारचे पोर आठ आण्यांच्या गोळ्या घ्यावयास आले तर तो देई. तेच पोर तासाभरात दहाव्यांदा आले आणि त्याच्या मुठीत शंभराची नोट दिसली, तर तो विचारी, "बाळ, घरी माहीत आहे का रे?" दुकानदार काही संत नव्हता. मापात मारण्यास तो कचरत नसे. तरीसुद्धा हा प्रश्न त्याच्या तोंडून निघे. कारण पोर त्याच्या डोळ्यांसमोर होते, त्याचा बाप ओळखीचा होता आणि सायंकाळी तोच बाप दुकानावरून जाणार होता. कोणत्याही कायद्याने त्याच्यावर ही जबाबदारी टाकलेली नव्हती. समोरच्याचे दुबळेपण दिसले की त्याचा फायदा घेताना हात थोडा थबकतो, एवढीच ती गोष्ट. आपल्या बाजारातली पुष्कळशी नीती या थबकण्यावर उभी होती.

नव्या दुकानदाराला ग्राहक दिसत नाही असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. तो किती वाजता खेळतो, किती वेळा हरल्यावर पैसे भरतो, कोणत्या क्षणी खेळ सोडून जाण्याच्या बेतात असतो, हे सारे यंत्र टिपून ठेवते. पेठेतल्या दुकानदाराला जे सात जन्मांत कळले नसते ते यंत्राला आठवड्यात कळते. फरक इतकाच की, दुकानदाराला थोडे कळे आणि तो थांबे. यंत्राला पुष्कळ कळते आणि ते त्याच क्षणी नवी पेटी पुढे करते. फुकट खेळांत बहुसंख्य लोक एक पैसाही खर्च करीत नाहीत. उत्पन्नाचा मोठा वाटा थोड्या खेळाडूंकडून येतो. त्या धंद्याच्या बोलीत अशा खेळाडूंना 'व्हेल', म्हणजे देवमासे म्हणतात. देवमाशांत कोणी कोट्यधीश असेल, त्याने खुशाल खर्च करावा. परंतु बापाच्या औषधाची पुंजी ओतणारा मुलगाही त्याच वहीत देवमासा म्हणूनच नोंदला जातो. "थोड्या दुबळ्यांसाठी बाकीच्यांच्या करमणुकीवर बंधन का?" असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर या वहीतच आहे. येथे बाकीच्यांची करमणूक त्या थोड्यांच्या खर्चावरच चालते.

आपल्या परंपरेला द्यूताचा प्रश्न नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे एक संपूर्ण सूक्त आहे. गीतेत भगवंतांनी छळ करणाऱ्यांतील द्यूत ही आपली विभूती सांगितली आहे. मनूने राजाला द्यूत राष्ट्रातून हद्दपार करण्यास सांगितले. कौटिल्य अधिक व्यवहारी होता. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, जुगार एकाच ठिकाणी चालावा असे ठरविले, फासे शुद्ध असावेत म्हणून ते अध्यक्षानेच पुरवावेत अशी व्यवस्था केली, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजासाठी ठेविले. आमच्या काळी कर वाढला एवढेच. पैशाच्या ऑनलाइन खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के कर बसविण्यात आला होता.

कायद्याची दृष्टी मात्र दीर्घकाळ एकाच प्रश्नावर खिळून राहिली: खेळ कौशल्याचा की दैवाचा? १८६७ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. बक्षिसी शब्दकोड्यांच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हेच, असा निर्णय दिला. कौशल्याच्या स्पर्धा मात्र त्यातून वेगळ्या राहिल्या. पुढे साठ वर्षांनी, २०१७ साली, चंदीगडच्याच उच्च न्यायालयापुढे 'ड्रीम-११' या क्रीडासंघ निवडण्याच्या खेळाचा प्रश्न आला. पैसे हरलेल्या एका खेळाडूनेच दाद मागितली होती. हा खेळ प्राधान्याने कौशल्याचा आहे, सबब तो जुगार नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. हरलेल्या माणसाची तक्रार अशी होती की माझे पैसे गेले. त्याला उत्तर मिळाले ते असे की तुझ्या बुद्धीला वाव होता. कायद्याच्या कसोटीवर ते उत्तर बिनतोड असेल. माणसाच्या दुबळेपणाचा प्रश्न त्या कसोटीत बसतच नव्हता, इतकेच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी अधिनियम संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. कौशल्य आणि दैव हा भेद त्याने बाजूस सारला. पैसे लावून पैसे मिळविण्याची आशा ज्यात आहे असा प्रत्येक ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला, आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार मानले नाही. या शेवटच्या तरतुदीत मला मोठी नैतिक प्रगती दिसते. खेळणारा आणि खेळविणारा यांना एकाच तराजूत घालू नये, ही गोष्ट कायद्याने तीतून मान्य केली आहे. या अधिनियमाला न्यायालयांत आव्हानही देण्यात आले. तो वाद घटनापंडितांनी सोडवावा.

आपला मुद्दा निराळा आहे. हा अधिनियम २०२० साली असता तर खरडचा मुलगा वाचला असता काय? बहुधा नाही. त्याने पैसे लावले, परंतु पैसे मिळण्याची आशा धरली नव्हती. बंद पेटीतून निघणारा रंगीत पोशाख म्हणजे काही रोकड नव्हे. पैशाचा जुगार बंद झाला; जुगाराची ओढ लावून केलेली विक्री मात्र कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिली. 'पब्जी'वर २ सप्टेंबर २०२० रोजी आपल्याकडे बंदी आली खरी, पण ती देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षितता यांच्या कारणास्तव. १६ लाखांचा त्यात संबंध नव्हता. याचे मूळ असे आहे की, खेळणाऱ्याला काय मिळणार होते हे कायदा विचारतो. त्याच्याकडून काय घेतले गेले, आणि कोणत्या क्षणी घेतले गेले, हे विचारण्याची सवय अजून त्याला लागावयाची आहे.

येथे व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी पुढे येईल, आणि त्याचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे. आगरकरांच्या लेखणीवर वाढलेल्या मराठी मनाला, सरकारने आमच्या करमणुकीत नाक खुपसावे, ही कल्पना मानवत नाही. प्रौढ माणसाने आपले पैसे कसे उधळावे हे त्याचे त्याने ठरवावे. हे मान्य करावयास मला अडचण वाटत नाही. तथापि ज्या मिलचा आधार आगरकरांनी घेतला त्यानेच आपल्या स्वातंत्र्यावरील १८५९ च्या ग्रंथात दोन मर्यादा घातल्या आहेत. हे तत्त्व परिपक्व बुद्धीच्या माणसांसाठी आहे, मुलांसाठी नाही, ही पहिली. दुसरी जुगाराच्या अड्ड्याच्या मालकाविषयी आहे. खेळणाऱ्याला मोकळे सोडावे, पण दुसऱ्याच्या मोहावर ज्याची उपजीविका चालते त्यालाही तितकेच मोकळे सोडावे काय, या प्रश्नापाशी तो थबकला आहे आणि दोन्ही बाजूंना बळ आहे असे त्याने प्रांजळपणे कबूल केले आहे.

मिल जेथे थबकला तेथे आपल्याला नलोपाख्यान पुढे नेते. कली बारा वर्षे नळाच्या मागे होता. त्याने नळाशी युद्ध केले नाही. तो वाट पाहत राहिला. एके दिवशी पाय न धुता नळ संध्येस बसला, आणि तेवढ्या फटीतून कली आत शिरला. पुढे जो फासे टाकीत होता तो नळ खरा, पण ती इच्छा नळाची होती काय? मंत्री दाराशी आले, प्रजा आली, दमयंतीने विनविले. नळाने उत्तरही दिले नाही. कथाकाराने येथे फार सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. नळ दुबळा नव्हता. प्रत्येक माणसाच्या आयुष्यात पाय न धुतल्याचा एखादा दिवस येतोच. कोणी तरी बारा वर्षे त्या दिवसाची वाट पाहत बसावे, यात अधर्म आहे. कौरवसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न याच जातीचा होता. जो आधी स्वतःला हरला त्याला पुढचा पण लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. ज्याच्या संयमाची फट हेरून त्याला स्वतःपासून हरविले आहे, त्याच्या पुढच्या प्रत्येक होकाराला 'स्वेच्छा' म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. असा व्यापार आवरल्याने स्वातंत्र्य कमी होत नाही. हरवत चाललेली स्वेच्छा त्यायोगे माणसाला परत मिळते.

याच कथेत नियमनाची रीतही सापडते. आपल्या विदर्भाची ही लेक पतीला थांबवू शकली नाही. तेव्हा तिने काय केले? सारथ्याला बोलावून दोन्ही मुले कुंडिनपुरास, आजोळी, पाठवून दिली. मोठ्यांचे होईल ते होवो, मुले फाशांच्या आवाक्यात राहता कामा नयेत. अल्पवयीनांसाठी वेगळा आणि कडक नियम असावा, याचे समर्थन याहून साधे कोणते असेल? आपला १८७२ चा करार अधिनियमही अल्पवयीनाचा करार मानीत नाही. सावकाराने अल्पवयीनाला कर्ज दिले तर त्याला ते वसूल करता येत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरविले. मोबाइलवर मात्र उधारी नाही, पैसा आधीच घेतला जातो, आणि तोही आईच्या नावाने. त्यामुळे दीडशे वर्षांचे हे संरक्षण नुसते कागदावर राहते.

जगाने काही मार्ग चोखाळले आहेत. जपानने २०१२ साली बंद पेट्यांतून संपूर्ण संच जमविण्यास लावणारा प्रकार बंद पाडला. बेल्जियमने २०१८ साली पैसे घेऊन विकलेल्या बंद पेट्या जुगारातच जमा धरल्या. चीनने २०१९ साली आठ वर्षांखालील मुलांकडून पैसे घेण्यास मनाई केली. आठ ते सोळा वयाच्या मुलांस महिन्याला २०० युआन आणि सोळा ते अठरा वयाच्यांस ४०० युआन अशी मर्यादा घातली. अमेरिकेत २०२२ साली एका मोठ्या खेळकंपनीस, ग्राहकांकडून नकळत आणि मुलांकडून पालकांच्या संमतीवाचून वसूल केलेल्या पैशापोटी २४.५ कोटी डॉलर परत करणे मान्य करावे लागले. अनावर खेळणे हा विकार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात नोंदविले.

सरसकट बंदीची ओढ मला वाटत नाही. मुंबई राज्यातील १९४९ च्या दारूबंदीने हातभट्टी कशी फोफावली हे आपल्या खात्यांतील वडील मंडळी सांगत आली आहेत. मटक्याच्या बाबतीतही बंदीचा कागद फार काळ धारदार राहिला नाही. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली ती या मोहाला कायदेशीर वाट देण्यासाठीच. पंजाबातही दिवाळीची बंपर तिकिटे सरकारच विकते. मग सरकारने कोणत्या तोंडाने बोलावे, असा टोमणा कोणी मारील. टोमणा रास्त आहे. तरीही एक फरक आहे. लॉटरीचे तिकीट विकणारा मध्यरात्री आपल्या मुलाच्या उशाशी येत नाही, सोडत ठरलेल्या तारखेला असते, आणि दोहोंच्या मध्ये माणसाला विचार करावयास अवधी मिळतो. नियमनाने हा अवधी परत मिळवून द्यावा. किंमत रुपयांत दिसावी. महिन्याच्या खर्चाला मर्यादा असावी. ती वाढविण्यास एक रात्र जाऊ द्यावी. अल्पवयीनांस बंद पेटी विकू नये. आणि त्यांच्याकडून पालकांच्या नकळत घेतलेले पैसे परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असावी. पेठेतला दुकानदार आपण होऊन विचारीत असे तो प्रश्न यंत्राने विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे, एवढेच हे मागणे आहे.

नुसती शक्यतेची टक्केवारी छापून भागेल असे काहींना वाटते. नळालाही ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, कळले आणि तेव्हाच कली त्याच्या देहातून बाहेर पडला, हे खरे. परंतु ते ज्ञान मिळाले तेव्हा राज्य गेले होते आणि पत्नी अरण्यात टाकलेली होती. ज्ञान हवेच, मात्र सर्वस्व गेल्यावर येणाऱ्या ज्ञानाच्या भरवशावर मुलांना सोडता येत नाही.

शेवटी त्या स्कूटर-दुरुस्तीच्या दुकानाकडे वळतो. नाण्यांच्या गठ्ठ्यांनी मुलाच्या मनातून रुपया पुसून टाकला होता. बापाने तेलकट हातांनी, पान्यांनी आणि दिवसभराच्या कष्टांनी तो पुन्हा तेथे लिहिण्याचा प्रयत्न केला. दूरच्या नेमणुकीवरून आलेल्या बापाला याहून अधिक काय करता आले असते? त्याने मुलाला शिकविले, आणि ते त्याचे कर्तव्यच होते. पण या सगळ्या प्रकरणात शिक्षा भोगणारा तो एकटा मुलगाच ठरला. आपल्यापैकी कित्येकजण कायदे राबविण्याच्या, काहीजण ते घडविण्याच्याही जागी बसलेले आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांची मुले या क्षणी दुसऱ्या गावी फोन हातात घेऊन बसलेली असतील. त्यांना जे सांगावयाचे ते आपण रात्रीच्या फोनवर सांगूच. खेळविणाऱ्याला जे सांगावयाचे आहे ते मात्र फोनवर सांगून भागणार नाही. त्यासाठी राजपत्रच हवे.